डबा भरला, आता पुढे काय?

दिवाळी अंकात आम्ही एक छोटी सूचना छापली होती. घरात रोज खिशातून, पर्समधून निघणारी चिल्लर एका डब्यात टाका आणि वर्षातून एकदा ती चांगल्या कामाला द्या, एवढेच तिच्यात होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांचा डबा आधीच भरलेला आहे आणि अडचण त्यानंतरची आहे. कुणाची नाणी बँक घेत नाही, कुणाचा डबा तीन वर्षे कपाटावर पडून आहे. आमचे मत स्पष्ट आहे. डब्यात पडलेला रुपया अजून दान झालेला नाही. तो घराबाहेर पडून गरजवंताच्या हाती पोहोचला, की मग दान. म्हणून पैसे कुणाला द्यायचे आणि डबा कधी उघडायचा, हे पहिले नाणे टाकण्यापूर्वीच ठरवावे. पुढची उत्तरे हे धरूनच दिली आहेत.

डबा कोणता घ्यावा? सासूबाई म्हणतात मातीचा गल्ला, मुले म्हणतात मोठी बरणी.
(एक गृहिणी, अमळनेर)

ताई, मोठी बरणी नकोच. एक लिटरच्या डब्यात ठासून चिल्लर भरली तर तिचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो होते. पाच लिटरची बरणी भरली की ती वीस-पंचवीस किलोंची होते. मग ती उचलवत नाही, बँकेत नेववत नाही आणि घरातच राहते. डबे पडून राहण्याचे हे पहिले कारण. एक लिटरचा, झाकणाचा स्टीलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा पुरे. काच टाळा. पाच किलो नाणी पोटात असलेली बरणी ओट्यावरून घसरली तर काचा आणि नाणी वेगळी करताना हात कापतात.

मातीचा गल्ला मुलांना आवडतो, पण तो फोडल्याशिवाय आत किती जमले ते कळत नाही. फोडायचाच तर जुन्या चादरीवर फोडा आणि खापराचा चुरा चाळणीने चाळून काढा. बँकेचे नाणी मोजण्याचे यंत्र अशा चुऱ्याने अडते.

झाकणाला खाच पाडायची असेल तर ती ३२ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद ठेवा. आपली सर्वांत रुंद चालू नाणी, म्हणजे दहाची आणि वीसची, २७ मिलिमीटर व्यासाची आहेत. खाच अगदी नेमकी ठेवली तर वाकडे पडलेले नाणे अडकते आणि मुले सुरीने उचकटायला बघतात.

डबा देवघरात ठेवू नका. तिथे त्यात कुंकू, तेल, अक्षता पडतात आणि देवाचे पैसे कोणते, दानाचे कोणते, यावरून पुढे घरात बोलाचाली होते. घरात शिरल्यावर खिसा जिथे रिकामा होतो, त्या जागी ठेवा. झाकणावर कागद चिकटवून दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत पैसे कुणासाठी, दुसऱ्या ओळीत डबा उघडण्याची तारीख. आपल्या भागात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस त्यासाठी उत्तम. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, मुलांना सुटी असते, मोजायला हात भरपूर असतात. शिवाय जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी वह्या-पुस्तकांसाठी पैसे पोहोचवायला महिनाभर मिळतो.

घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. डबा ठेवावा का?
(एक आई, शिरपूर)

ठेवा, पण त्याच्या हाताला लागणार नाही इतका उंच आणि घट्ट झाकणाचा. मोजणीच्या दिवशी जास्त सांभाळावे लागते. तेव्हा नाणी चटईवर पसरलेली असतात आणि सगळ्यांचे लक्ष आकड्यांत असते.

मुलाने नाणे गिळलेच तर काय करायचे ते आधीच माहीत असू द्या. घशात बोट घालू नका, उलटी करवू नका. केळ किंवा भाताचा गोळा खाऊ घालून नाणे खाली ढकलायचा प्रयत्न करू नका. डॉक्टर सांगेपर्यंत खायला-प्यायला काहीच देऊ नका. मूल एकसारखी लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठा. यातले काही दिसत नसले तरी एक्स-रे काढून घ्या, कारण अन्ननलिकेत अडकलेले नाणे कधी कधी काही तास त्रासच देत नाही. घड्याळाचा किंवा रिमोटचा चपटा सेल नाण्यासारखा दिसतो आणि लोक तोही डब्यात टाकतात. तो गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिका जळू लागते. असे सेल डब्याच्या आसपासही ठेवू नका.

माझ्याकडे अकरा किलो चिल्लर जमली आहे. बँकेत गेलो तर कॅशियर म्हणाले, एवढी चिल्लर घेता येत नाही, हजार रुपयांचीच मर्यादा आहे. खरे आहे का?
(रेल्वेतील निवृत्त कर्मचारी, भुसावळ)

आप्पा, कॅशियरसाहेबांनी दोन गोष्टींची गल्लत केली. हजार रुपयांची मर्यादा नाणे अधिनियम २०११ मध्ये आहे, पण ती देण्याघेण्याच्या व्यवहारापुरती. कुणाला पैसे चुकते करताना एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच घेणे समोरच्यावर बंधनकारक आहे. आठ आण्यांच्या नाण्यांना हीच मर्यादा दहा रुपयांची. स्वतःच्या खात्यात नाणी भरायला मात्र अशी मर्यादा नाही. नाणी बदलून देणे किंवा खात्यात जमा करून घेणे हे सर्व शाखांचे काम आहे, अशा रिझर्व्ह बँकेच्या बँकांना कायमच्या सूचना आहेत. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करून स्वीकारणे सोयीचे, असेही त्यातच म्हटले आहे.

तरीही कॅशियरचीही अडचण समजून घ्यायला हवी. एका खिडकीवर एकच माणूस असतो, मागे पेन्शनची रांग असते आणि कुणी अकरा किलो सरमिसळ चिल्लर गोणीतून ओतली तर त्याची दुपार संपते. आपण तयारी करून गेलो तर नकार क्वचितच मिळतो. तयारी अशी करा.

आधी किमतीप्रमाणे ढीग करा, मग प्रत्येक ढिगातून जुन्या आणि नव्या आकाराची नाणी वेगळी करा. दहा-दहांच्या चळती सपाट ताटात एका रांगेत लावा. एखादी चळत उंच किंवा बुटकी दिसली की लगेच कळते. दहा चळती, म्हणजे शंभर नाणी, एका पारदर्शक पिशवीत भरून तोंड दोऱ्याने बांधा. स्टेपलर मारू नका, कॅशियरला ती उघडून पाहायची असते. आत चिठ्ठी टाका. तिच्यावर नाण्याची किंमत, नग १००, एकूण रक्कम, तुमचे नाव आणि खाते क्रमांक लिहा. शंभर पूर्ण न झालेली नाणी शेवटच्या पिशवीत घाला आणि चिठ्ठीवर ‘सुटी’ असे ठळक लिहा. बँकेच्या भरणा पावतीवर प्रत्येक किमतीचे नग वेगळे लिहायची जागा असते, ती घरीच भरून न्या.

दिवसही पाहून जा. महिन्याचा पहिला आठवडा, गावचा बाजारचा दिवस आणि सुटीनंतरचा पहिला दिवस टाळा. आधी एकदा शाखाधिकाऱ्यांना भेटून ‘एवढ्या पिशव्या आहेत, कोणत्या दिवशी आणू?’ असे विचारले तर निम्मे काम तिथेच होते. अकरा किलो एकदम न नेता दोन खेपा करा. जिथे तुमचे खाते आहे त्याच शाखेत जा.

एवढे करूनही नकार मिळाला तर शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. बहुतेक वेळा पोच मागितली की तिथेच मार्ग निघतो.

मोजण्यापेक्षा वजन करून चालेल का? घरात डिजिटल काटा आहे.
(एक वाचक, चोपडा)

चालेल, पण एका अटीवर. वजनाला फक्त एकाच किमतीची आणि एकाच मालिकेची, म्हणजे एकाच आकार-नक्षीची, नाणी घ्यायची. आपल्याकडे एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वजनांची आहेत, आणि लोक इथेच फसतात.

रुपयाच घ्या. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, २०१९ च्या मालिकेतला छोटा रुपया ३.०९ ग्रॅमचा, आणि त्याआधीचा जुना मोठा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा. म्हणजे शंभर रुपये कधी ३०९ ग्रॅम भरतात, कधी ४८५. पाचच्या नाण्याचेही तसेच. २०११ चे पिवळसर नाणे ६ ग्रॅमचे, २०१९ चे ६.७४ ग्रॅमचे आणि जुने जाडजूड पांढरे नाणे ९ ग्रॅमचे.

त्याहून फसवे दोन जोड आहेत. २०११ च्या मालिकेतले दोन रुपये आणि जुना मोठा रुपया, दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅमचेच. काटा त्यांच्यात फरक करत नाही आणि चळतीतही ते एकमेकांत बेमालूम मिसळतात. दुसरा जोड स्टीलची जुनी आठ आणे आणि २०११ चा रुपया. दोन्ही २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. या चार नाण्यांची दोन्ही तोंडे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चळत लावू नका.

पद्धत अशी. एका मालिकेची शंभर नाणी एकदा हाताने नीट मोजा, पिशवीत घाला, वजन लिहून ठेवा. पुढच्या पिशव्या त्या वजनाशी ताडून पाहा. झिजलेल्या नाण्यांमुळे एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात, ते चालते. फरक अर्ध्या नाण्याच्या वजनापेक्षा जास्त आला तर ती पिशवी पुन्हा मोजा. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. भाजीचा तराजू या कामाला उपयोगाचा नाही.

दहाचे नाणे गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून माझ्या गल्ल्यात शेकड्यांनी पडून आहेत. ती दानाच्या डब्यात टाकू का?
(किराणा दुकानदार, दोंडाईचा)

भाऊ, टाका की. दान म्हणून टाका, पण नाणे चालत नाही म्हणून टाकू नका, कारण ते चालतेच. दहाच्या नाण्याचे तोपर्यंत काढलेले चौदाही प्रकार वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. रुपयाचे चिन्ह असलेले, नसलेले, दहा रेघांचे, पंधरा रेघांचे, सगळे. वीसचे बारा कोनांचे नाणेही चलनातलेच आहे.

दुकानदाराला आम्ही आणखी एक सुचवू. तुम्हाला एक-दोनच्या सुट्ट्यांची रोज चणचण, आणि आसपासच्या घरांत तीच डब्यात कोंडलेली. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी ‘दानाच्या डब्याची चिल्लर इथे मोजून घेऊ, नोटा देऊ’ अशी पाटी दुकानावर लावा. घरवाल्यांचा बँकेचा हेलपाटा वाचतो, तुमची सुट्ट्यांची ददात मिटते. यात कमिशन मात्र घेऊ नका. शंभराच्या चिल्लरीला शंभराचीच नोट द्या.

आम्ही सगळे मोबाइलनेच पैसे देतो. घरात चिल्लर येतच नाही, मग डबा कशाने भरायचा?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धुळे)

रविवारी मोबाइलमधला आठवड्याचा हिशेब उघडा. प्रत्येक खर्च वरच्या दहापर्यंत न्या आणि मधला फरक बेरजेला घ्या. १८७ रुपये दिले असतील तर ३, ४२ दिले असतील तर ८, १५१ दिले असतील तर ९. या तिघांचे मिळून २० झाले. आठवड्याची बेरीज त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका. घरच्या खात्यातच ठेवली तर महिनाअखेरीस ती खर्चात विरघळते आणि किती जमले होते हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक खर्चामागे सरासरी चार-पाच रुपये पडतात. रोज तीन व्यवहार धरले तरी महिन्याला चारशेच्या आसपास जमते, म्हणजे चिल्लरच्या डब्यापेक्षा जास्तच.

शाळेत प्रत्येक वर्गात डबा ठेवायचा विचार आहे. काही परवानगी लागते का? आणि त्या पैशांतून काय द्यावे?
(माध्यमिक शिक्षक, पाचोरा)

सर, घरातल्या घरात डबा ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची झाली, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चे कलम ४१ क लागू होते. गणेश मंडळे दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात ती याच कलमाखाली. शाळेचे डबे बाजारात, बसस्थानकावर किंवा कॉलनीत फिरणार असतील तर आधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून परवानगी घ्या. डबे वर्गातच राहणार असतील तरी मुख्याध्यापकांची लेखी संमती आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असू द्या. पुढे एखाद्या पालकाने विचारले तर तोच कागद उपयोगी पडतो.

डब्यांना क्रमांक द्या, झाकण आणि डबा यांच्यावरून कागदी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर वर्गशिक्षक व दोन विद्यार्थी यांच्या सह्या घ्या. उघडताना तिघेही हजर असावेत आणि रक्कम तिथल्या तिथे फळ्यावर लिहावी. कोणत्या मुलाने किती टाकले याची नोंद चुकूनही ठेवू नका. वर्गावर्गांत चढाओढही लावू नका. ज्याच्या घरी देण्यासारखे काही नाही, ते लेकरू त्या दिवसांत शाळेत यायला कचरते. हे आम्ही फार कळकळीने सांगतो आहोत.

देण्याबद्दल म्हणाल तर जे सरकारकडून मिळतेच त्यावर पैसे खर्च करू नका. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि दुपारचे जेवण शाळेतच मिळते. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. कमी पडते ते वेगळेच. नववी-दहावीच्या मुलांना दोनशे पानी वह्या, कंपासपेटी, प्रयोगवही, चित्रकलेच्या परीक्षेची फी, आणि मुलग्यांच्या सवलतीच्या पासाचा उरलेला हिस्सा. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या मुलांना पावसाळ्यात दप्तर भिजू नये म्हणून जाड प्लॅस्टिकची पिशवीही मोलाची असते. घाऊक दुकानातून डझनाने वह्या घेतल्या तर छापील किमतीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. बिल शाळेच्या नावाने घ्या.

आमच्या गल्लीतल्या पाच घरांच्या डब्यांतून उन्हाळ्यात पाणपोई चालवता येईल का?
(एक वाचक, जळगाव)

येईल, आणि ४५ अंशांच्या उन्हात आपल्याकडे याहून थेट दान दुसरे नाही. पण पाणपोई मार्चमध्ये थाटात सुरू होते आणि एप्रिलच्या मध्यावर माठ कोरडे पडतात, असे चित्र गावोगाव दिसते. कारण एकच. पैसे माठांना, मांडवाला आणि फलकाला गेलेले असतात. रोज पाणी भरणाऱ्याची तजवीज कुणी केलेली नसते.

आधी गणित मांडा. माणूस एका वेळी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी पितो. वीस लिटरच्या माठात ८० ते १०० पेले होतात. दिवसाला तीनशे माणसे येणार असतील तर ६० ते ७५ लिटर हवे, म्हणजे चार माठ. शिवाय माठ भरल्यावर पाणी गार व्हायला पाच-सहा तास लागतात. म्हणून चारही माठ रात्री भरायचे. दुपारी दोन वाजता भरलेल्या माठातले पाणी संध्याकाळपर्यंत कोमटच असते.

नवा माठ आणला की चोवीस तास पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी टाकून द्या. मातीचा वास निघतो, चीर असेल तर तीही कळते. माठ वाळूवर किंवा लाकडी तिवईवर ठेवा आणि भोवती ओले गोणपाट गुंडाळा. मात्र चारही बाजूंनी वारा लागला पाहिजे. पाणी थंड होते ते माठाच्या अंगातून पाझरून उडून जाते म्हणून. भिंतीला चिकटवून ठेवलेला माठ गार होत नाही. बोअरचे जड पाणी भरले तर क्षार साचून माठाची छिद्रे बुजतात आणि महिन्या-दीड महिन्यात गारवा कमी होतो. शक्यतो नळाचे पाणी भरा. बोअरचेच भरावे लागले तर मोसमाच्या मध्यावर माठ बदलायचे पैसे आधीच बाजूला काढा. बाहेरून पांढरा थर दिसू लागला की समजावे.

रोज रात्री माठ भरण्यापूर्वी उरलेले पाणी झाडांना घाला, माठ आतून काथ्याने घासा. साबण लावू नका, माती तो शोषून घेते. क्लोरिनच्या गोळ्या घेताना पाकिटावर किती लिटरला एक गोळी ते वाचा. वीस लिटरला एक, अशी ०.५ ग्रॅमची गोळी मिळते. टाकल्यावर अर्धा तास पाणी कुणाला देऊ नका. पेला माठात बुडवू देऊ नका, लांब दांड्याचे वगराळे बांधून ठेवा. नळ बसवलेला माठ सोयीचा वाटतो, पण नळाच्या जोडावर तो गळतो आणि तिथेच तडकतो. वगराळे आणि देणारा माणूस हीच जोडी खरी.

पैशांची वाटणी करताना एकूण रकमेतले निम्म्याहून जास्त पैसे पाणी भरणाऱ्या व धुणाऱ्या व्यक्तीच्या रोजासाठी ठेवा. मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत जवळजवळ पावणेतीन महिने तो रोज पुरला पाहिजे. पाच डब्यांतून तेवढे होत नसेल तर नवी पाणपोई काढू नका. जवळच्या चालू पाणपोईला वगराळी, गोळ्या, गोणपाट आणि एप्रिलमध्ये दोन नवे माठ द्या. तिला त्याच वेळी गरज असते. जागा एसटी आगाराची किंवा नगरपालिकेची असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्यायला विसरू नका.

डब्यात चार आणे, भोक पडलेली नाणी आणि कुंकवाने माखलेली नाणी निघाली. त्यांचे काय?
(एक वाचक, शहादा)

चार आणे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत. ती बँक घेणार नाही. शाळेला नाण्यांचा संग्रह दाखवण्यासाठी द्या. आठ आणे अजून चलनात आहेत, दुकानदार कुरकुर करतात एवढेच. ती बँकेतच भरा.

भोक पाडलेली, कापलेली, ठोकून चपटी केलेली नाणी कायद्याने पूर्ण किमतीची राहत नाहीत. त्यांची वेगळी पुडी करून बँकेला दाखवा, पण दानाच्या बेरजेत धरू नका. कुंकवाची, तेलाची नाणी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, जुन्या ब्रशने घासून, फडक्यावर पूर्ण वाळवा. चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. आंबट लागले की पिवळ्या नाण्यांचा रंग उडतो, आणि चकाकी आणून किंमत वाढत नाही. ओली नाणी पिशवीत बांधली तर दोन धातूंच्या नाण्यांवर हिरवट डाग धरतात. चालू नाणी वितळवणे तर गुन्हाच आहे. भंगारवाल्याने कितीही भाव सांगितला तरी त्याला देऊ नका.

पैसे कोणत्या संस्थेला द्यावेत? पावतीवर काय बघावे?
(एक वाचक, नंदुरबार)

शक्यतो जिथे तुम्ही स्वतः जाऊन काम पाहू शकता अशा जवळच्या संस्थेला द्या. पावतीवर सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक हवा. आपल्या राज्यात तो सहसा ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढे जिल्ह्याचे नाव असते. त्यासोबत संस्थेचा पॅन, पावती क्रमांक, तारीख आणि देणगी कशासाठी, हेही लिहून घ्या. ‘वह्यांसाठी’ असे लिहिले तर रक्कम वह्यांवरच खर्च करणे संस्थेवर येते.

चिल्लर संस्थेच्या कार्यालयात नेऊन ओतू नका. मोजायचे काम त्यांच्या माणसांवर पडते. आधी खात्यात भरा, मग धनादेशाने किंवा मोबाइलवरून पाठवा. प्राप्तिकरात देणगीवर मिळणारी सवलत हवी असेल तर तेच सोयीचे, कारण दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. वस्तूंच्या देणगीलाही मिळत नाही आणि नव्या करपद्धतीत तर ती नाहीच.

घरातले सगळे एसटीच्या तिकिटाला, दूधवाल्याला म्हणून डब्यातून सुट्टे काढतात. कसे आवरावे?
(एक गृहिणी, यावल)

ताई, काढू द्या, पण आधी नोट टाकायला लावा. दहाची नोट आत, मग दहा रुपये बाहेर. ‘नंतर टाकतो’ ही सबब ऐकायची नाही. डब्याशेजारी छोटी वही आणि पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा. नोट टाकणाऱ्याने तारीख आणि आकडा लिहायचा. वर्षअखेरीस डब्यात नाणी कमी आणि नोटा जास्त निघतील, आणि बँकेत न्यायच्या पिशव्या तेवढ्याच कमी होतील.